आठ दिवसांचं टेंडर, कन्नड नोटीस आणि दारात पडलेली खडी

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुण कंत्राटदाराचा आहे. त्यांच्या गावात काँक्रीट रस्ता आणि गटारीचं ३८ लाखांचं काम निघालं. टेंडर भरायला जेमतेम आठ दिवस होते. नोटीस कन्नडमध्ये होती, आणि ज्या पेपरात ती छापली म्हणतात तो पेपर त्यांच्या भागात येतच नाही. टेंडर होऊन गेलं हे त्यांना कळलं तेव्हा दारात खडी पडली होती. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कायद्याने किती दिवस द्यायला हवे होते? नोटीस मराठीत असायला नको होती का? आणि आता काय करता येईल?

बेळगाव जिल्ह्यात सरकारी कामांची टेंडरं भरण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. आधी स्वतःच्या लायसन्सवर भरली, आता बहुतेक दुसऱ्यांची कागदपत्रं तयार करून देतो. या तिन्ही प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नाने आपल्या लोकांचं फार नुकसान केलं आहे, म्हणून त्याच्यावर मी जास्त लिहिणार आहे. पण सुरुवात दिवसांपासून.

आधी टेंडर कोणी काढलं ते बघा, कारण त्यावर कायदा ठरतो. पीडब्ल्यूडी, जिल्हा पंचायत, पंचायत राज इंजिनिअरिंग, महानगरपालिका, नगरपालिका, बुडा म्हणजे बेळगावचं नगरविकास प्राधिकरण, नीरावरी निगम म्हणजे पाटबंधारे महामंडळ, ही सगळी कर्नाटक सरकारच्या सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकता कायद्याखाली येतात. हा कायदा १९९९ चा. अंमल ऑक्टोबर २००० पासून, नियमही २००० चे. ऑफिसात त्याला सगळे ‘केटीपीपी’ म्हणतात. बेळगावच्या कॅम्पात मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाचं काम असेल तर केटीपीपी लागत नाही. तिथे केंद्राचे वित्तीय नियम आणि केंद्राचं पोर्टल. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गाचंही तसंच. निपाणीकडची काही मंडळी हद्दीच्या दोन्ही बाजूंना कामं घेतात. त्यांना पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या ‘ई-निविदा सूचने’ची सवय असते आणि तेच नियम ती इकडे लावून बघतात. ते लागू होत नाहीत. तुमचं काम गावातल्या रस्त्याचं, म्हणजे केटीपीपीचंच.

पाच लाखांपर्यंतच्या बांधकामाला या कायद्याच्या कलम ४ मध्ये टेंडरपासून सूट आहे. ३८ लाखांच्या कामाला टेंडर हवंच. याच कलम ४ मध्ये आणखीही दारं आहेत. सरकारने जाहीर केलेली नैसर्गिक आपत्ती हे एक. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठाने किती कामं तातडीची म्हणून झाली ते आपण पाहिलं आहे. दुसरं दार ‘फोर जी’, म्हणजे कलम ४ चं जी पोटकलम: सरकार अधिसूचना काढून एखादं काम ठरावीक संस्थेला थेट देऊ शकतं. तुमच्या कामाची टेंडर नोटीस निघाली आहे, त्यामुळे ही दारं इथे बंद आहेत. पण कधी कोणी म्हणालं की ‘या कामाला टेंडर लागत नाही’, तर एवढंच विचारा की कोणत्या पोटकलमाखाली, आणि अधिसूचनेचा नंबर काय. तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

आता मुदत. नियम १७ वाचा. २००० च्या मूळ नियमात दोन कोटींपर्यंतच्या टेंडरला किमान ३० दिवस आणि त्यावरच्याला ६० दिवस ठरवले होते. नियमांत मधल्या काळात दुरुस्त्या होत आल्या आहेत, म्हणून नोटीस ज्या तारखेची, त्या तारखेला लागू असलेला नियम १७ काढून त्याच्याशी दिवस ताडून बघा. आकड्यापेक्षा मला त्या नियमातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, दिवस कुठून मोजायचे. नोटिशीवर इंजिनिअरने सही केली त्या तारखेपासून नव्हे, पेपरात आली त्या तारखेपासूनही नव्हे. टेंडर बुलेटिनमध्ये, म्हणजे टेंडर नोटिसा प्रसिद्ध करणाऱ्या सरकारी पत्रकात, नोटीस प्रसिद्ध झाली त्या तारखेपासून टेंडर भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत मोजायचे. नोटिशीवर ५ तारीख असते, बुलेटिनमध्ये ती ११ ला येते, आणि सगळे हिशेब ५ पासून केलेले असतात. मी कुठलीही फाइल हातात घेतली की आधी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहितो. निम्म्या तक्रारींचा जीव तिथेच असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत कमी करणं बेकायदा नाही, पण ज्याने टेंडर मागवलं त्याला ती स्वतःच्या अधिकारात कमी करता येत नाही. त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने ती मंजूर केली पाहिजे, आणि कारण लेखी नोंदवलं पाहिजे. तुमच्या आठ दिवसांचा सगळा फैसला या एका कागदावर आहे. तो कागद फाइलमध्ये असेल आणि त्यात खरं कारण असेल, तर आठ दिवस कायद्यात बसू शकतात. कागदच नसेल, किंवा ‘काम तातडीचे असल्याने’ एवढीच एक ओळ असेल, तर तुमच्या तक्रारीला पाय आहेत. गावातला रस्ता दहा वर्षं उखडलेला होता आणि टेंडरच्या महिन्यातच तो तातडीचा कसा झाला, याचं उत्तर त्या ओळीत नसतं. मार्च जवळ आला, निधी परत जाईल, ही भीती खरी असते, ते मी नाकारत नाही. पण आराखडा मंजूर होऊन महिने उलटलेले असताना खात्याने घालवलेला वेळ टेंडर भरणाऱ्याच्या दिवसांतून कापायचा, हे मला कधीच पटलं नाही.

आणि यात नुकसान फक्त कंत्राटदाराचं होत नाही. आठ दिवसांत साइट बघायची, खडी-सिमेंटचे दर घ्यायचे, बयाणा रकमेची सोय करायची, अनुभवाचे दाखले गोळा करायचे, हे कोणाला जमतं? ज्याला काम निघणार हे आधीच माहीत असतं त्यालाच. मग दोन-तीनच टेंडरं येतात, तीही एकमेकांच्या ओळखीतली, आणि दर इस्टिमेटला चिकटून राहतो. तेच काम सात-आठ जणांनी भरलं असतं तर दहा-बारा टक्के बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा कमी दराने, गेलं असतं आणि उरलेल्या पैशात पुढच्या गल्लीची गटार झाली असती. नोटीस छापायची ती त्या गल्लीसाठी.

पेपरचं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने मेरठ महापालिकेच्या २००६ च्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: सरकारी कंत्राट साधारणपणे जाहीर टेंडर किंवा लिलावानेच द्यायचं, आणि त्याची जाहिरात त्या भागात मोठा खप असलेल्या नावाजलेल्या दैनिकांत, तारीख, वेळ, कामाचं स्वरूप, अंदाजित रक्कम, बयाणा असा सगळा तपशील देऊन करायची. यातले ‘त्या भागात’ हे शब्द आपल्या कामाचे आहेत. एका कामाच्या वेळी मला स्वतःला हा फटका बसला. जाहिरात एका मोठ्या दैनिकात आली होती, कात्रण फाइलला व्यवस्थित लावलेलं होतं, पण आवृत्ती दुसऱ्याच जिल्ह्याची. बेळगावात त्या दिवशी कोणाच्याही घरी तो पेपर आला असेल तर त्यात ती जाहिरात नव्हती. कात्रणावर आवृत्तीचं नाव दिसत नाही. पूर्ण पानाची मागणी केली तेव्हा ते बाहेर आलं. तोवर काम अर्धं झालं होतं. म्हणून पेपरचं नुसतं नाव विचारू नका. तारीख, आवृत्ती आणि पानासकट विचारा.

अर्थात आज खरी नोटीस पोर्टलवर असते. आधी ई-प्रोक्युरमेंटचं पोर्टल होतं, आता कर्नाटक पब्लिक प्रोक्युरमेंट पोर्टल आहे. तिथे चालू टेंडरं लॉगिन न करताही शोधता येतात. पेपरात येते ती बहुतेकदा चार ओळींची संक्षिप्त सूचना, ‘तपशील पोर्टलवर पाहावा’ अशी. जो पेपरची वाट बघत बसला तो मागे राहिला, हे कटू असलं तरी खरं आहे.

आता भाषा. इथे मला सावकाश बोलायचं आहे, कारण या प्रश्नाच्या मागे सहा-सात दशकांचं दुखणं आहे आणि ते माझंही आहे.

टेंडर नोटीस मराठीत काढलीच पाहिजे, असं केटीपीपी कायद्यात किंवा त्याच्या नियमांत कुठेही नाही. राज्याची राजभाषा कन्नड. नोटीस कन्नडमध्ये निघते, मोठ्या कामांची बरेचदा इंग्रजीतही. नोटीस मराठीत नव्हती एवढ्या मुद्द्यावर टेंडर रद्द होईल, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला चुकीच्या वाटेला लावतो आहे. माझ्याकडे आलेल्या किमान तीन तक्रारी अशा होत्या, ज्यांत मुदतीचा भक्कम मुद्दा हातात असताना अर्जाचं पहिलं पान भाषेवर खर्च केलं होतं. अधिकाऱ्याने भाषेच्या मुद्द्याला उत्तर दिलं, मुदतीच्या मुद्द्याला दिलंच नाही, आणि अर्ज निकाली निघाला.

याचा अर्थ भाषेचा हक्क नाही असा नाही. तो दुसऱ्या घरात राहतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ साली जे संरक्षण ठरवलं, त्यात जिथे अल्पसंख्याक भाषिक लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं आहे. खानापूर, बेळगाव, निपाणीच्या बाबतीत आपले लोक इतकी वर्षं याच आधारावर मराठी परिपत्रकं आणि मराठी फलक मागत आले आहेत. ही मागणी न्याय्य आहे आणि ती चालूच ठेवली पाहिजे. तिची जागा म्हणजे जिल्हाधिकारी आणि घटनेच्या कलम ३५० ब खालचे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. एखाद्या ३८ लाखांच्या टेंडरच्या तक्रारीत तिला ओढून दोन्ही लढाया कमकुवत करू नका.

याच बाबतीत दोन बारकावे फार उपयोगी आहेत आणि फार थोड्यांना माहीत असतात. घटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. तेव्हा तुमची तक्रार मराठीत घ्यायला कोणतंही ऑफिस नकार देऊ शकत नाही. मी मात्र मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. माझा हक्क सोडत नाही आणि टेबलावरच्या माणसाला अर्ज बाजूला ठेवायला सबबही देत नाही. माहितीच्या अधिकाराचं याच्या उलट आहे. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीत केलेला अर्ज परत येतो आणि महिना फुकट जातो.

आणि ज्याला या जिल्ह्यात धंदा करायचा आहे त्याने टेंडर नोटिशीपुरतं कन्नड शिकावंच. मराठीवरचं आपलं प्रेम त्याने तसूभरही कमी होत नाही. शब्द मोजून पंधरा-वीस आहेत, आणि निम्मे तर आपलेच वाटतात. ‘टेंडर प्रकटणे’ म्हणजे टेंडर नोटीस. ‘कामगारी’ म्हणजे काम, मजूर नव्हे. ‘अंदाजु मोत्त’ म्हणजे अंदाजित रक्कम. ‘मुंगड ठेवणी’ म्हणजे आधी भरायची ठेव, आपला बयाणा. ‘गुत्तिगेदार’ म्हणजे कंत्राटदार. ‘कोनेय दिनांक’ म्हणजे शेवटची तारीख. ‘मीसलाति’ दिसलं की थांबा. ते काम आरक्षित प्रवर्गासाठी आहे. ‘तिद्दुपडि’ म्हणजे दुरुस्ती, आणि ती दिसली की मूळ नोटीस विसरून नवीन तारखा बघा. ‘मरु टेंडर’ म्हणजे पुन्हा काढलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘अल्पावधि टेंडर प्रकटणे’. अल्पावधीचं टेंडर! हे शब्द नोटिशीच्या डोक्यावर दिसले की समजा, मुदत कमी केलेली आहे आणि वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीचा कागद कुठेतरी असायलाच हवा. तुमच्या आठ दिवसांच्या नोटिशीवर हे शब्द होते का ते आधी तपासा. नसतील तर मुदत कमी केल्याचं नोटिशीतच लपलं होतं, आणि तुमचा मुद्दा आणखी पक्का होतो.

तिसरा प्रश्न, आता काय. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

केटीपीपीच्या कलम १६ खाली अपील आहे, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. पण ते टेंडर भरलेल्याला आहे. तुम्ही भरलंच नाही, कारण नोटीस दिसलीच नाही, आणि भरलं नाही म्हणून अपील नाही. या कायद्यातली ही फट मला फार जुनी वेदना देते: ज्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला, त्यालाच अपिलाचं दार बंद. मग उरतो तो धारवाड खंडपीठात रिट अर्ज. न्यायालय टेंडरच्या प्रक्रियेत मनमानी झाली का हे बघतं, पण चालू कामाला स्थगिती द्यायला ते नाखूष असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात उच्च न्यायालयांना पायाभूत कामांची टेंडरं अडवताना हात आवरायला सांगितलं आहे. दिवाणी कोर्टाची वाटही अरुंद आहे. २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायद्यातल्या कलम ४१ च्या नवीन पोटकलमाने पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाईहुकूम देण्यावर बंदी आहे. ३८ लाखांच्या कामावर, खडी पडल्यानंतर, धारवाडच्या खेपा आणि वकिलाची फी करायची का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. काम अजून सुरू नसतं, निदान वर्क ऑर्डर निघाली नसती, तर ते वेगळं असतं.

तरीही गप्प बसू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. फी दहा रुपये. विषय ‘अमुक कामाची टेंडर प्रसिद्धी’ एवढाच ठेवा आणि मागा: टेंडर बुलेटिनची प्रत, प्रसिद्धीच्या तारखेसह; पोर्टलवर नोटीस चढवल्याची तारीख-वेळ; जाहिरात छापलेल्या पेपरचं पूर्ण पान, आवृत्तीसह; आणि मुदत कमी करण्याची लेखी मंजुरी, कारणांसह. बस्स. ‘असं का केलं’ हे विचारू नका, कागद मागा. किती टेंडरं आली आणि कोणत्या दराने, तो तुलनात्मक तक्ता दुसऱ्या अर्जात मागा. मंजुरीचा कागद नाही असं लेखी उत्तर आलं, तर ते घेऊन त्या अधिकाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे आणि लोकायुक्तांकडे जाता येतं. काम रद्द होणार नाही, पण त्याच टेबलावरून पुढचं टेंडर काढताना तो अधिकारी बुलेटिनची तारीख दोनदा बघेल. हे मी होताना पाहिलं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगायलाच हवी. खडी पडली त्या दिवशी वर्क ऑर्डर निघालेली होती का, याची तारीखही मागा. आपल्याकडे ‘काम सुरू करा, कागद मागून होतील’ या तोंडी शब्दावर कामं होतात. हिंडलग्यातल्या रस्त्यांच्या कामांच्या थकलेल्या बिलांवरून २०२२ च्या एप्रिलमध्ये बेळगावच्या एका कंत्राटदाराने जीव दिला. कामांना लेखी आदेशच नव्हता, असं तेव्हा सरकारकडून सांगितलं गेलं. तुम्ही तरुण आहात, उद्या तुम्हालाही कोणीतरी खांद्यावर हात ठेवून असंच सांगेल. नोटीस नाही, टेंडर नाही, कार्यादेश नाही, तर एक पाटी खडीसुद्धा टाकू नका. कितीही मोठा माणूस सांगत असला तरी.

पुढच्या वेळी नोटीस हुकू नये म्हणून, डिजिटल सही आणि पोर्टलची नोंदणी आजच चालू ठेवा. ती काम निघाल्यावर करायला गेलात तर त्यातच चार दिवस जातात. सोमवार आणि गुरुवार सकाळी पोर्टलवर ‘बेळगावी’ जिल्हा निवडून नवीन टेंडरं बघायची सवय लावा. नाव बेळगाव टाकून शोधलं तर काही सापडत नाही. २०१४ पासून सरकारी नोंदीत बेळगावीच आहे. अटी जाचक वाटल्या किंवा मुदत कमी वाटली, तर टेंडर उघडण्याआधी लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि हरकत देऊनही टेंडर भरा. भरलंत तर कलम १६ चं दार तुमच्यासाठी उघडं राहतं.

आणि नोटिशीच्याही आधी कामाची चाहूल लागते. काम आधी क्रियायोजनेत, म्हणजे कृती आराखड्यात येतं, मग प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, मग डीटीपी म्हणजे टेंडरच्या कागदांचा मसुदा, आणि शेवटी नोटीस. ज्यांना ‘आधीच माहीत असतं’ त्यांना ते इथून कळतं. ग्रामपंचायतीच्या क्रियायोजनेची प्रत पीडीओकडे म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे असते, तालुका पंचायतीची ईओकडे म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्याकडे. एप्रिल-मे मध्ये जाऊन दोन्ही मागून घ्या, तुमच्या लायसन्सच्या क्लासमध्ये बसणारी कामं पेन्सिलीने खूण करून ठेवा, आणि दर महिन्याला जेईला म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरला विचारा, डीटीपी कुठवर आलं.